घरचा प्रिंटर आणि तुटलेली शिरोरेषा

आमच्या प्रतापनगरच्या घरी गेली काही वर्षे शाईच्या टाकीचा एक साधा इंकजेट प्रिंटर आहे. तो महागडा नाही आणि त्याचा वेगही फार नाही, पण घरातल्या तीन पिढ्यांच्या कामाला तो येतो, आणि त्याच्यामुळे मला छपाईकडे आणि आपल्या देवनागरी अक्षराकडे नव्याने बघायची सवय लागली. घरी प्रिंटर घ्यावा का, घेतला तर कोणता घ्यावा आणि नागपूरच्या हवेत तो टिकतो का, असे प्रश्न मला शेजारीपाजारी आणि महाविद्यालयातले सहकारी वारंवार विचारतात, म्हणून माझा अनुभव एकदा नीट लिहून ठेवते आहे.

पहिला प्रिंटर आम्ही २०१७ साली घेतला होता. तो कार्ट्रिजचा, म्हणजे शाईची बंद डबी आत बसवायचा होता आणि तीन हजारांच्या आत मिळाला होता, त्यामुळे दुकानातून घरी आणताना स्वस्तात काम झाले असेच वाटले. पहिल्या कार्ट्रिजमध्ये दीडशेच्या आसपास पाने निघाली. नवे काळे कार्ट्रिज आणायला गेले तेव्हा त्याची किंमत आठशेच्या घरात होती, म्हणजे नुसत्या शाईचा खर्च पानामागे पाच रुपयांवर जात होता. आमच्या चौकातला झेरॉक्सवाला तेवढ्याच पैशांत कागदासह प्रिंट काढून देत होता. हिशोब असा उलटा पडल्यावर प्रिंटरचा वापर साहजिकच कमी झाला, आणि वापर कमी झाल्यामुळे शाई वाळू लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये तो सुरू केला तेव्हा कार्ट्रिज अर्धे भरलेले असूनही पान कोरे बाहेर आले. सिरिंजने शाई भरण्याचाही प्रयत्न आम्ही केला, पण प्रिंटरने ते कार्ट्रिज ओळखायलाच नकार दिला. ज्या वस्तूसाठी आपण पैसे मोजले आहेत तिच्यात कोणती शाई घालायची, हे आपल्याला ठरवता येऊ नये, याचे मला तेव्हा फार वाईट वाटले होते आणि आजही वाटते.

बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारात, प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकने त्या वेळी मला एका वाक्यात सगळे सांगितले होते. "मॅडम, तुम्ही वापरूनच नाही राहिले, म्हणून शाई वाळून राहिली." इंकजेट प्रिंटरबद्दल याहून उपयोगी सल्ला मला नंतर कोणी दिला नाही.

त्यामागचे कारण समजून घ्यायला प्रिंटरच्या आत काय चालते ते थोडे पाहावे लागते. या यंत्रात शाई कागदावर दाबली जात नाही, ती फेकली जाते. कागदावरून सरकत छापणाऱ्या भागाला हेड म्हणतात. त्याच्या खालच्या बाजूला केसाहूनही बारीक अशी शेकडो छिद्रे, म्हणजे नोझल, असतात आणि त्यांतून शाईचे अतिसूक्ष्म थेंब कागदावर पडतात. हे थेंब फेकण्याच्या मुख्य रीती दोन आहेत. एका रीतीत छिद्रामागची शाई क्षणार्धात तापवली जाते, तिच्यात वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंगची सळई चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागली आणि शाई उडाली, त्यातून ही कल्पना सुचल्याची हकिगत प्रसिद्ध आहे. एचपीने याच रीतीचा थिंकजेट हा प्रिंटर १९८४ मध्ये बाजारात आणला. दुसऱ्या रीतीत उष्णता लागत नाही. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे १८८० मध्ये क्यूरी बंधूंनी दाखवले होते, आणि त्याच गुणाचा उलटा उपयोग येथे केला जातो. विजेचा धक्का मिळाला की तशा पदार्थाची पातळ पट्टी वाकते आणि शाईला ढकलते. एप्सनचे प्रिंटर या रीतीने चालतात. रीत कोणतीही असली तरी छिद्राच्या तोंडाशी असलेली शाई हवेला उघडी पडते आणि तिच्यातले पाणी उडून जाऊ लागते, हे दोन्हींत सारखेच आहे.

नागपुरात हे पाणी किती लवकर उडते ते मी वेगळे सांगायला नको. नवतप्यात, म्हणजे मे अखेरीच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असतो आणि वाळत घातलेले जाड पांघरूणही तासाभरात कडकडीत होते. प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेत सहसा ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात तो वापरावा असे लिहिलेले असते. आमच्या पश्चिमेकडच्या खोलीत मे महिन्यात दुपारी ते शक्यच नसते. मग प्रिंटर कूलरच्या खोलीत ठेवावा असे कोणालाही वाटेल, आणि आम्हीही तो तसा ठेवून पाहिला. पण कूलर खसमधून ओली हवा फेकतो, ती हवा कागद पिऊन घेतो, आणि दोनच दिवसांत ट्रेमधल्या कागदांच्या कडा लाटांसारख्या वर येतात. असा कागद आत गेला की एकाच वेळी दोन-तीन पाने खेचली जातात किंवा पान मधेच अडकते. शेवटी आम्ही प्रिंटर मधल्या, बिनखिडकीच्या खोलीत नेला. तेथे कूलरचा थेट झोत येत नाही आणि भिंती उन्हाने तापतही नाहीत. कागदाची रिम मात्र आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधूनच ठेवतो आणि लागतील तेवढीच पाने ट्रेमध्ये घालतो. पावसाळ्यातही हाच नियम पाळतो.

टाकीचा प्रिंटर आम्ही २०२० मध्ये घेतला. शाळा मोबाइलवर भरत होत्या, मुलीच्या वर्कशीट रोज येत होत्या आणि झेरॉक्सची दुकाने बंद होती. टाकीच्या प्रिंटरला पहिल्यापेक्षा चौपट पैसे पडले, साधारण बारा हजार. मला स्वतःला ही रक्कम जड वाटत होती, पण कागदावर हिशोब मांडल्यावर शंका राहिली नाही. त्याची काळ्या शाईची बाटली ६५ मिलीची असते आणि तीत ४,५०० पाने होतील असे कंपनी सांगते. म्हणजे एका पानाला दीड शतांश मिलीसुद्धा शाई लागत नाही. बाटली मला साडेचारशेच्या आसपास मिळते, तेव्हा काळ्या पानाची शाई दहा पैशांच्या आसपास पडते. प्रत्यक्षात एवढी पाने मला कधी मिळाली नाहीत. कंपन्यांची मोजणी ठरावीक मजकुराची पाने सलग छापून केलेली असते, आणि घरी आपण थांबून थांबून छापतो, मधे हेड साफ करतो, चित्रे काढतो. पहिल्या संचातली बरीच शाई तर टाकीपासून हेडपर्यंतच्या नळ्या भरण्यातच जाते, तेव्हा पहिल्या बाटलीवरून निराश होऊ नये. माझ्या वापरात पानाला पंधरा पैसे धरले तरी चालते. कागद मात्र पानाला साठ-सत्तर पैसे पडतो. शाईपेक्षा कागद महाग, अशी स्थिती या प्रिंटरने आणली आणि पाठकोरे कागद जपून ठेवण्याची माझ्या वडिलांची जुनी सवय घरात परत आली.

कार्ट्रिजला बाहेरून नळ्या जोडून शाईच्या बाटल्या लावण्याची युक्ती आशियातल्या दुकानदारांनी आधीच शोधून काढली होती. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात टाकीचा प्रिंटर स्वतःच बाजारात आणला आणि पुढे इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या. यंत्र स्वस्त विकून शाईवर नफा कमवण्याची रीत जेथे लोकांनी आपल्या हिकमतीने मोडून काढली, तेथूनच हा बदल सुरू झाला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आता शिरोरेषेकडे येते. माझी आई ऐंशीच्या पुढे आहे. तिच्या भजनी मंडळात आठ-दहा जणी आहेत, बहुतेकींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे आणि छापील पुस्तकातले बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. म्हणून मी त्यांची पदे संगणकावर टाइप करून २४ पॉइंटच्या ठळक अक्षरात, दोन ओळींत भरपूर अंतर सोडून छापून देते. एका गुरुवारी आईने हातातले पान चष्म्याजवळ नेले, परत लांब धरले आणि मला विचारले, "बाई, या ओळीवरची रेघ कुठे गेली?" मी पाहिले तर पानाच्या मधल्या दोन ओळींवरची शिरोरेषा अर्ध्याहून अधिक उडालेली होती. अक्षरे एकमेकांपासून सुटून गुजरातीसारखी लोंबत होती. शाई वाचावी म्हणून मी ती पाने ड्राफ्ट मोडमध्ये, म्हणजे कमी शाईच्या कच्च्या छपाईत, काढली होती.

असे का झाले ते मी बसून शोधले. हेड कागदावरून डावीकडून उजवीकडे सरकते, त्यामुळे एखादी नोझल अडली की तिची रिकामी राहिलेली पांढरी रेघ ओळीच्या दिशेनेच आडवी धावते. रोमन लिपीत जाड आडव्या रेघा थोड्या असतात आणि अशी बारीक पट्टी तिच्यात खपून जाते. आपल्या लिपीत मात्र सगळा शब्द ज्या रेषेला टांगलेला असतो ती रेषाच आडवी असते. शेजारशेजारच्या दोन-तीन नोझल अडल्या आणि त्यांची पट्टी नेमकी शिरोरेषेवर आली की ती ओळभर पुसली जाते. नेहमीच्या दर्जाच्या छपाईत हेड त्याच जागेवरून पुन्हा फिरते आणि दुसऱ्या नोझल ती उणीव भरून काढतात, म्हणून दोष झाकला जातो. ड्राफ्टमध्ये हेड एकदाच फिरते, म्हणून तो उघडा पडतो. दुसरा दोष उभ्या रेघांत दिसतो. काना किंवा दंड सरळ न येता मधेच किंचित सरकून आल्यासारखा दिसला, की जाताना आणि येताना छापलेले पट्टे एकमेकांशी जुळत नाहीत असे समजावे. तेथे हेड साफ करून उपयोग होत नाही, सेटिंगमध्ये जाऊन अलाइनमेंट करावे लागते. सगळ्या नोझल चालतात का हे दाखवणारे नोझल चेकचे पान तर मी काढतेच, पण आईच्या हातातले मोठ्या अक्षराचे पान मला त्याहून आधी इशारा देते.

हेड क्लीनिंगच्या बाबतीत लोक घाई करतात, आणि सुरुवातीला मीही केली. प्रत्येक क्लीनिंगमध्ये चारही रंगांची शाई नोझलमधून ओढून आतल्या स्पंजसारख्या पॅडमध्ये टाकली जाते. एकदा करावे, नोझल चेक काढावा, सुधारणा दिसली तर पुन्हा करावे. तीनदा करूनही रेघ तुटलेलीच राहिली तर प्रिंटर बंद करून रात्रभर तसाच ठेवावा. वाळलेली शाई आतल्या ओल्या शाईने हळूहळू सुटते आणि सकाळी बऱ्याचदा एकाच क्लीनिंगमध्ये काम होते. माझ्या प्रिंटरमध्ये हेड कायमचे बसवलेले आहे. जुन्या कार्ट्रिजमध्ये हेड कार्ट्रिजलाच जोडलेले होते, त्यामुळे नवे कार्ट्रिज घातले की हेडही नवे मिळत असे. त्या महाग कार्ट्रिजचा एवढा एक गुण मान्य करायलाच हवा. टाकीच्या प्रिंटरचे हेड एकदा कायमचे गेले तर त्याची दुरुस्ती प्रिंटरच्या किमतीच्या जवळ जाते.

आणि या हेडला सर्वांत जास्त धोका आपल्या घरातल्या एका चांगल्या सवयीपासून असतो. रात्री झोपण्यापूर्वी भिंतीवरच्या बोर्डाची सगळी बटणे बंद करायची, ही आमच्या घरातली पिढीजात शिस्त आहे. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड उजवीकडच्या कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसते आणि नोझलची तोंडे झाकली जातात. काम चालू असताना किंवा ते नुकतेच संपलेले असताना बोर्डाचे बटण बंद केले, तर हेड मधेच उघडे राहू शकते. एप्रिलच्या रात्री तसे राहिले तर सकाळपर्यंत नोझल वाळायला वेळ लागत नाही. मी आता बोर्डावर त्या बटणापाशी एक चिठ्ठी चिकटवली आहे. छपाई चालू असताना वीज गेली, तर वीज आल्यावर प्रिंटर एकदा सुरू करून त्याच्याच बटणाने पुन्हा बंद करते, म्हणजे हेड आपल्या जागी जाते. शिवाय दर तीन-चार दिवसांनी चारही रंग असलेले एक छोटे पान काढण्याचे काम मुलीकडे दिले आहे. पाठकोऱ्या कागदावर ती चार रंगांची रांगोळी काढते. दर वेळी वेगळी रांगोळी असते, त्यामुळे तिला त्याचा कंटाळा येत नाही.

चारही रंग का, हेही आम्ही ठेच लागूनच शिकलो. सातवीत असताना तिला नागपूरच्या मारबतीवर, म्हणजे मिरवणुकीने निघणाऱ्या मोठ्या पुतळ्यांवर, प्रकल्प करायचा होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आपल्याकडे काळी आणि पिवळी मारबत निघते, आणि तिने मोबाइलवर मिरवणुकीचे छान फोटो काढले होते. छापल्यावर काळी मारबत व्यवस्थित आली. पिवळी मारबत फिकट, जवळजवळ पांढरी आली, आणि तिच्या गळ्यातला झेंडूचा केशरी हार गुलाबी झाला. पिवळ्या शाईच्या नोझल बंद होत्या. केशरी रंग पिवळा आणि मॅजेंटा मिळून होतो, पिवळा गेला की गुलाबीच उरतो, आणि हिरव्यातून पिवळा गेला की निळा उरतो. आम्ही महिनाभर फक्त काळी पाने काढत होतो, त्यामुळे हे लक्षातच आले नव्हते. पांढऱ्या कागदावर पिवळ्या रेघा नीट दिसत नाहीत, म्हणून नोझल चेकचे पान खिडकीच्या उजेडात तिरके धरून पाहावे.

शाईच्या जातीबद्दलही थोडे सांगायला हवे. माझ्या प्रिंटरमधली चारही शाई डाय प्रकारची आहे, म्हणजे रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात आणि ते कागदाच्या पृष्ठभागावर बसतात, त्यामुळे ती पाण्याला आणि उन्हाला जास्त टिकते. माझी वहिनी उन्हाळ्यात सांडगे, कुरडया आणि भिवापुरी मिरचीचे तिखट घरी करून विकते. तिच्या पाकिटांची लेबले मी हौसेने छापली. पहिल्याच गिऱ्हाइकाने ओल्या हाताने पाकीट उचलले आणि तिखटाच्या नावाचा लाल रंग बोटांना लागला. आता लेबलावर रुंद पारदर्शक टेप लावतो, आणि जास्त पाकिटे असली तर लेबले बाहेरून लेझर प्रिंटरवर काढून आणतो. प्रतिज्ञापत्र, करारनामा किंवा वर्षानुवर्षे जपून ठेवायचा कोणताही कागद मी घरच्या प्रिंटरवर काढत नाही. त्याच्यासाठी लेझरच हवा.

तरीही घरी प्रिंटर असावा असे मला ठामपणे वाटते, आणि त्यामागे पैशांपेक्षा मोठी कारणे आहेत. मी मराठी शिकवते. प्रश्नपत्रिका पेन ड्राइव्हमध्ये घालून दुकानात नेणे, तेथल्या संगणकावर ती उघडणे आणि काम झाल्यावर ती पुसली गेली असेल असा विश्वास ठेवणे, हे मला कधीच पटले नाही. आधारकार्ड आणि बँकेच्या कागदांनाही हेच लागू होते. दुसरे कारण आपल्या भाषेचे आहे. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की सगळा मजकूर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढिगारा होतो. आमच्या चौकातल्या दुकानात माझी नऊ पानांची टिपणे अशीच निघाली होती, आणि दुकानातला मुलगा बिचारा विचारत होता की ही कोणती भाषा आहे. युनिकोडमध्ये टाइप करून पीडीएफ केली तर हा त्रास राहत नाही, पण जुन्या फायली प्रत्येक मराठी शिक्षकाकडे असतात.

आठवड्याला दहा पानेही ज्यांची होत नाहीत, त्यांना मात्र मी इंकजेट घेऊ नका असेच सांगते. त्यांनी दुकानात जावे, किंवा फक्त काळे पान हवे असेल तर छोटा लेझर घ्यावा, कारण टोनर ही कोरडी पूड असते आणि ती सहा महिने पडून राहिली तरी वाळून जाण्याचा प्रश्न येत नाही. ज्यांच्या घरी शाळेत जाणारे मूल आहे, घरगुती व्यवसाय आहे किंवा मोठे अक्षर लागणारे वडीलधारे आहेत, त्यांनी टाकीचाच घ्यावा. टाकीतली शाई खालच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नये, कारण नळ्यांत हवा शिरली की ती काढताना पुष्कळ शाई जाते. बाटलीचे सील दुकानातच तपासून घ्यावे.

मागच्या महिन्यात प्रिंटरने अचानक काम थांबवले आणि पडद्यावर सर्व्हिसचा संदेश आला. क्लीनिंगची शाई ज्या पॅडमध्ये साठते ते भरले होते, म्हणजे यंत्राच्या मोजणीप्रमाणे भरले होते. काही जण संगणकावरून ती मोजणी नुसती शून्यावर आणून देतात. मी तसे करू दिले नाही, कारण पॅड खरोखर भरलेले असेल तर शाई खाली टेबलावर उतरते. बर्डीच्या त्याच मेकॅनिकने जुने पॅड काढून दाखवले. ते काळेभोर आणि जड झाले होते, आणि त्याच्या एका कडेला मात्र पिवळा रंग अजून ओळखू येत होता. नवे पॅड बसवून, मोजणी शून्यावर आणून त्याने पाऊण तासात प्रिंटर परत दिला. घरी आल्यावर पहिली पाने आईच्या मंडळाची काढली, चोवीस पॉइंटमध्ये, ड्राफ्ट मोड बंद ठेवून. सगळ्या ओळींवरची रेघ सलग आली होती.